कोरगावकर सरांचं ‘आसूं येता’

हातात पाव धरलेल्या माणसाला ‘पोदेर येऊन गेला का’ असं विचारावं आणि त्यानं ‘येवन गेलो आसूं येता’ असं म्हणावं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी खोटं मानलं असतं. पण डिचोलीच्या आमच्या हायर सेकंडरीत नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी ते डोळ्यांनी पाहिलं. स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या बाकावर एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ उंडो मोडून भाजीत बुडवत होते. आमच्या गल्लीत त्या सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला नव्हता, म्हणून मी सहज विचारलं होतं.

“येऊन गेला असेल म्हणजे काय, सर? पाव तर तुमच्या हातात आहे.”

“दारार पिशवी लायिल्ली. सकाळीं तातूंत उंडे आसले,” ते शांतपणे म्हणाले. “पोदेराक कोणें पळयलो? हांवें ना. म्हणून म्हणटां, येवन गेलो आसूं येता.”

हे कोरगावकर सर. पेडण्याकडच्या कोरगावचे, भूगर्भशास्त्र शिकवायचे. आठवडाभर सर्वणला एका खोलीत भाड्यानं राहायचे आणि शनिवारी दुपारी बस पकडून घरी जायचे. ‘आसूं येता’ म्हणजे असेल, असूही शकेल, नसेलही. हा त्यांचा परवलीचा शब्द आणि मुलांनी त्यांना ठेवलेलं नावही तेच. मी गणिताची. माझ्या विषयात उत्तर बरोबर असतं, नाहीतर चूक असतं, आणि ते पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं असतं. त्यामुळे या माणसाशी आपलं जमायचं नाही, हे मी त्या उंड्याच्या साक्षीनंच ठरवून टाकलं.

त्यांच्या कापडी पिशवीत कायम एक काळा दगड असायचा. मुठीएवढा, अंगावर बारीक भोकं आणि एका भोकात पांढरे चकचकीत स्फटिक. वाऱ्यानं उडणारे पेपर दाबायला, आपटणारी खिडकी अडवायला आणि वेळप्रसंगी कामत सरांच्या डुलत्या टेबलाच्या पायाखाली सारायला तोच. कामत सर रसायनशास्त्राचे, सरांचे सगळ्यांत जुने मित्र आणि सगळ्यांत जुने टीकाकार. ते म्हणायचे, “आमची सगळी शाळा तांबड्या चिऱ्याची. ह्या मनशाक तातूंत काळो फातरच जाय.” सर तेवढ्यावरूनही तास घ्यायचे. गोव्यात हा दगड मुळात थोडाच, ईशान्येच्या कोपऱ्यात, घाटाच्या अंगाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला त्याची कड तिथे आपल्याला जेमतेम शिवून गेली, असं ते सांगायचे. सांगताना दगड या हातातून त्या हातात घ्यायचे.

नाताळच्या सुटीनंतरचा त्यांचा पहिला तास शाळेत प्रसिद्ध होता. त्या दिवशी ते म्हापशाहून बेबिंक आणायचे. एक थर ओतायचा, वरून आच द्यायची, तो धरला की त्यावर पुढचा, असं करत केलेला तो केक सर सुरीनं उभा कापायचे आणि काप मुलांपुढे धरायचे.

“दोन थरांमदीं कितें आसा?”

“तूप, सर.”

“वेळ आसा,” सर म्हणायचे.

मग ते सांगायचे की लाव्हा एकदम आला नाही. एक थर यायचा, निवायचा. वर माती धरायची, गवत, झाडं, जनावरं परत यायची. पुन्हा ओतलं जायचं. काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीची रेघ दिसते, ती त्या मधल्या वेळेची. आणि प्रत्येक वेळी दगडाबरोबर वायूही बाहेर पडायचे. गंधकाचे वायू वर जाऊन ऊन अडवायचे, थंडी पडायची. ते विरून गेले तरी कर्बवायू मागे राहायचा, तो पृथ्वी तापवत न्यायचा. समुद्र आंबायचा. मोठमोठी जनावरं याच सुमाराला संपली.

“म्हणजे सर, तीं थंडयेन मेलीं काय गर्मेन?”

“दोनांनीय आसूं येता. आदीं काकडलीं, मागीर उकडलीं.”

“आनी ती उल्का?”

“तीय आसूं येता. ती पलतडीं पडली, ताच्या धक्क्यान हांगाचो लाव्हा चड व्हांवलो अशेंय कोण म्हणटात. पूण ताच्याय आदीं सायबेरियांत असोच लाव्हा आयिल्लो, तेन्ना ताचेपरस चड जीव गेले. थंय उल्का मेळूंक ना.” इथे ते थांबायचे. मुलांना वाटायचं आता तरी निकाल लागला. “मेळूंक ना म्हणजे नाशिल्ली अशें न्हय,” सर म्हणायचे, सापडली नाही म्हणजे नव्हतीच असं नव्हे, आणि घंटा व्हायची.

त्यानंतरचा तास माझा असायचा. तुपकट बोटं आणि तुपाहून निसरडी डोकी घेऊन बसलेल्या त्या पोरांना बीजगणित शिकवणं म्हणजे शिक्षाच. एकदा एकानं मलाच विचारलं, “बाई, तुमकां कितें दिसता? कोणें मारलीं?” मी म्हटलं, “ज्याचं उत्तर मागे दिलेलं नाही तो प्रश्न मी सोडवत नाही.” वर्ग हसला. पण घरी भाकरी थापताना तो प्रश्न माझ्या डोक्यात उगाच घोळत राहिला आणि मला सरांचा राग आला.

पालकही चिडायचे. संकपाळ म्हणून एक पालक होते, मूळचे आजऱ्याकडचे, तुयेच्या कारखान्यात कामाला. मुलगी सुजाता भूगर्भशास्त्रासाठी आमच्याकडे आली होती, डिचोलीत मावशीकडे राहायची. चाचणीचे पेपर आमच्याकडे दुसऱ्या कॉलेजातून तपासून यायचे, आणि त्यात तिनं ‘असंही असेल, तसंही असेल’ लिहून मार्क घालवले होते. संकपाळ पेपर घेऊनच आले.

“सर, पोरीला एक काय ते सांगा की. उल्का का ज्वालामुखी? ती लिवंल तसं.”

“तुमचें घर कसल्या फातराचें?” सरांनी विचारलं.

“काळ्या दगडाचं. आज्ज्यानं बांधलंय.”

“म्हणजे तुमी त्याच लाव्ह्याचेर रावतात.”

संकपाळांचा चेहरा बदलला. “आमच्या दगडानं मारलं म्हणताय व्हय? आमच्या गावच्या दगडानं कुणाचं वाटोळं केलेलं न्हाई, सर. ज्वारी पिकती त्याच्यावर.”

“केलां म्हणना. केलां आसूं येता,” सर म्हणाले, आणि लगेच घाईघाईनं, जणू त्यांनाच ते लागलं होतं, “आनी जोंधळो पिकता, तेंय खरेंच.”

संकपाळ गोंधळून गेले. मीही तिथेच वह्या तपासत बसले होते, आणि कुणाची बाजू घ्यावी ते मलाही कळेना. पुढच्या मे महिन्यात गावी विहिरीचं खोदकाम निघालं तेव्हा हेच संकपाळ तांबड्या मातीचं एक घट्ट ढेकूळ फडक्यात बांधून घेऊन आले. दोन काळ्या थरांच्या मधे सापडलं म्हणाले. “ह्यात बघा कोण मेलंय का.” सरांनी ते ढेकूळ खिडकीशी उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. मग ते त्यांच्या पिशवीत काळ्या दगडाच्या शेजारी गेलं ते कायमचं.

त्याच सुमाराला विषयावर गदा आली. आमच्याकडे भूगर्भशास्त्र चाललं होतं ते खाणींच्या जिवावर. घरातलं कुणीतरी खाणीवर असायचं, पोरगाही शिकून तिथेच लागेल या आशेनं आईबाप त्याला पाठवायचे. खाणी थांबल्या आणि बाकं रिकामी व्हायला लागली. ठरावीक संख्या भरली नाही तर वर्ग बंद, असा नियम. वर्ग बंद म्हणजे सरही आमच्या शाळेत नकोत. कुठेतरी खालच्या वर्गांना भूगोल शिकवायला जायचं. त्यांच्यासारख्या माणसाला नद्या आणि राजधान्या पाठ करून घ्यायला लावायच्या, या कल्पनेनं मलासुद्धा बरं वाटेना.

मग दहावीचा निकाल लागला की सर आणि कामत सर घरोघर फिरायला लागले. डिचोली, सर्वण, वाळपईपर्यंत. एकदा वाटेवरचं घर म्हणून मीही गेले, सर्वणला. सरांची घरात शिरायची तऱ्हा वेगळी. ओटीवर बसायच्या आधी ते मागीलदारी जायचे आणि तिथला रगडा हातानं चाचपायचे. काळा, जुना, खोबरं वाटून गुळगुळीत झालेला. “हो खंयचो?” विचारायचे. ‘वयल्यान हाडिल्लो’, म्हणजे घाटावरून आणलेला, असं उत्तर आलं की खूश. त्या दिवशी घरची बाई आत पळाली आणि ज्या मुलासाठी आम्ही गेलो होतो त्याच्या थोरल्या बहिणीला नवं लुगडं नेसवून बाहेर घेऊन आली. मागीलदारी शिरून रगडा, चूल बघणारी तीन माणसं म्हणजे सोयरीक घेऊन आलेली, अशी तिची समजूत झाली होती. ती दूर करता करता कामत सरांचा घसा सुकला आणि चहाबरोबर नेवऱ्या मात्र मिळाल्या.

मग तिनं नीट विचारलं. “चेडो मार्कांनीं बरो आसा. तुमच्या विषयान ताका नोकरी मेळटली मरे, सर?”

कामत सरांनी सरांच्या पायावर पाय दिला. मी ते पाहिलं. ‘मेळटली’, म्हणजे नक्की मिळेल, एवढंच म्हणायचं होतं. सर मागीलदाराकडे बघत राहिले.

“मेळूं येता, आवय,” ते म्हणाले.

मुलगा कॉमर्सला गेला. परतीच्या वाटेवर शेताच्या बांधावर उभं राहून कामत सर सरांवर खूप तडकले. एक शब्द बोलला असतास तर तुझं काय जाणार होतं, तुझ्या पोटाचा प्रश्न आहे, मुलाचं वाईट थोडंच होणार होतं. मला कामत सरांचं पटत होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“जो लाव्हा साडेसहा कोटी वर्सां थंयच पडून आसा, ताचेविशीं म्हाका निश्चित सांगूंक येना,” ते म्हणाले. “ह्या भुरग्याचें फाल्यां, ताचें फुडें कितें, हांव कशें सांगूं?”

कामत सर बांधावरून पुढे चालू लागले. मीही. मला सरांचंही पटलं, आणि दोघांचंही एकाच वेळी पटणं मला मुळीच आवडलं नाही.

त्या वर्षी संख्या काही भरली नाही. आमच्या शाळेचे मॅनेजर बाजारातले कापडाचे व्यापारी, सज्जन माणूस. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा म्हटलं की त्यांना झोप लागायची नाही. म्हणून त्यांनी ती जबाबदारी देवीवर टाकली. गावच्या देवळात प्रसाद घ्यायचा, म्हणजे देवीच्या मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पाकळी पडली तर विषय चालू, डावी पडली तर बंद. लग्न, घर, विहीर यांचा कौल घेतात तर विषयाचा का नको, असं ते म्हणाले, आणि आमच्यातल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. विज्ञानाचे शिक्षकसुद्धा आंघोळ करून आले होते.

लोकांच्या वतीनं देवीला कौल विचारणारा घाडी देवीपुढे उभा राहिला. मॅनेजर म्हणाले, विषय सरांचा, गाऱ्हाणं त्यांनीच घालावं. तीच चूक झाली.

“हे माये,” सरांनी हात जोडले, “हो विषय चालू उरलो जाल्यार भुरग्यांचें बरें जावं येता.”

“व्हय म्हाराजा,” जमलेले लोक सवयीनं म्हणाले.

“बंद पडलो जाल्यारूय बरें जावं येता.”

“व्हय म्हाराजा.”

“खाणी परत सुरू जावं येतात. जावचेय नात.”

“व्हय म्हाराजा.”

घाड्यानं मान वळवली. “सर, तुमी कितें विचारतात तें म्हाकाच कळना. तिका कशें कळटलें? एकूच गजाल विचारा.”

सरांनी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, पण एक गोष्ट काही बाहेर येईना. शेवटी घाड्यानं स्वतःच कसाबसा प्रश्न घातला. आम्ही पाकळ्यांकडे बघत राहिलो. उजवी जागची हलली नाही. डावीही नाही. मॅनेजरांनी पुन्हा सांगणं केलं. कामत सर मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होते. ऊन चढलं, दीपमाळेची सावली आखडत पायाशी आली, आणि दोन्ही पाकळ्या होत्या तिथे सुकून चिकटल्या. “माय बोलना,” घाडी म्हणाला. देवी बोलली नाही म्हणजे आहे तसं चालू द्यायचं, असा अर्थ मॅनेजरांनी काढला आणि सुटकेचा श्वास टाकला. विषय वर्षभर वाचला.

देवळाच्या पायऱ्या उतरताना सर माझ्या बाजूला आले. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं नोकरी वाचली म्हणून.

“पळयलें बाई?” ते हळूच म्हणाले. “तिकाय खबर ना.”

त्या उरलेल्या वर्षात त्यांनी मुलांना घाटावर नेलं. मुली होत्या म्हणून सोबतीला मी. वाळपई मागे टाकून बस घाट चढली, आणि एका वळणावर सरांनी ती थांबवायला लावली. जुना खडक संपतो आणि काळा सुरू होतो ती जागा दाखवायची होती. मला सगळं सारखंच दिसत होतं, दगड, शेवाळ, करवंदीच्या जाळ्या. सरांनी चपला काढल्या आणि अनवाणी त्या काळ्या दगडावर पाय ठेवला.

“चपला कशाला काढल्या, सर?” सुजातानं विचारलं.

सरांनी अंगठ्यानं दगडावरचं शेवाळ चाचपलं. खाली दरीतून ढग वर येत होते.

“कळना गो,” ते म्हणाले. “हो दोंगर आसा म्हणून आमकां पावस मेळटा. ह्याच दोंगरान एक पुराय संवसार मारलो आसूं येता. ताका पांयां पडूं काय ताचेर राग धरूं? मान म्हणून काडल्यो काय भियेवन, म्हाकाच कळना.”

सुजातानंही चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. मीसुद्धा. दगड उन्हानं तापलेला होता आणि सावलीत थंडगार, आणि आम्ही तिथे उगाच, काय करावं ते न कळून उभे राहिलो. मला त्या क्षणी भीती वाटली, खरीखुरी. इतकं मोठं काहीतरी घडून गेलं आणि त्याचं कारण सांगायला कुणीही नाही, ही गोष्ट मला त्याआधी कधी अंगाला लागली नव्हती.

पुढच्या जूनला मॅनेजरांनी देवीला विचारलं नाही. नियमाकडे बोट दाखवलं आणि विषय बंद केला. सरांना पेडण्याकडच्या एका शाळेत भूगोल मिळाला, घराजवळ, म्हणजे तसं बरंच झालं, असं सगळे म्हणाले. त्यांच्या वर्गखोलीत कॉम्प्युटर येणार होते. नमुन्यांच्या पेट्या वाळपईकडच्या एका कॉलेजनं नेल्या. निरोप समारंभात मॅनेजरांनी शाल घातली, कामत सरांनी नारळ दिला. सरांना दोन शब्द सांगा म्हटलं, तर ते म्हणाले की शब्द त्यांच्याकडे दोनच आहेत आणि ते सगळ्यांना पाठ आहेत. हॉल हसला. कामत सर मात्र हसले नाहीत.

मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले. शनिवार होता, नेहमीचीच बस होती. सर खिडकीजवळ बसले, मांडीवर ती कापडी पिशवी. आतल्या काळ्या दगडाचा आणि त्या तांबड्या ढेकळाचा आकार कापडातून दिसत होता. मी खाली उभी. जेवणाखाणाचं काहीतरी बोलत होते मी. ते ऐकत नव्हते.

“बाई,” ते एकदम म्हणाले, “एक विचारूं? तुमी गणिताचीं, तुमी सारकें सांगतलीं. त्या सर्वणच्या घरांत, आनी सगळ्यांच घरांनी, हांवें ‘मेळटली’ म्हणून सांगिल्लें जाल्यार... विषय उरतालो?”

इतक्या वर्षांत त्यांनी उत्तर हवं म्हणून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि त्यांना सरळ उत्तर हवं होतं. हात खिडकीच्या दांडीला घट्ट धरलेला होता, डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मी मनात भराभर मांडून पाहिलं. हो म्हटलं तर त्यांच्या खरेपणानंच विषय बुडवला, असं होतं. नाही म्हटलं तर त्यांची काहीच चूक नव्हती आणि ते सुखानं घरी जातील. ‘नाही’ म्हणायला एक क्षण पुरला असता. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण समोर तो माणूस होता, ज्यानं स्वतःच्या पोटासाठीसुद्धा एवढा एक खात्रीचा शब्द उचलला नव्हता. त्याला मी तो कसा देणार?

“आसूं येता, सर,” मी म्हटलं.

कंडक्टरनं शिट्टी दिली. सरांनी मान हलवली, अगदी हळू, पोरानं फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलं की हलवायचे तशी. त्यांचे डोळे मात्र भरलेले होते. माझ्या उत्तरानं त्यांना बरं वाटलं, का मी त्यांना दुखावलं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही सांगता येत नाही. बस वळली, खिडकीतून त्यांचा हात दिसला, तोही निरोपाला वर केलेला होता की उन्हासाठी धरलेला, कोण जाणे.